रणातून परतलेला नवरदेव

हिंडलग्याच्या एका अंगाला बेळगावचा कॅम्प आहे आणि दुसऱ्या अंगाला वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता. या रस्त्यावरची सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची ही गावं आणि राज्याची हद्द ओलांडली की लागणारी शिनोळी-चंदगडची वस्ती, इथून पिढ्यान् पिढ्या माणसं पलटणीत जात आली. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. इथल्या बोलण्यात ते नुसतं ‘सेंटर’. ‘मुलगा मिलिटरीत आहे’ हे वाक्य या भागात लग्नाच्या बोलणीत जितक्या वेळा उच्चारलं जातं, तितकं महाराष्ट्रातल्या फार थोड्या तालुक्यांत उच्चारलं जात असेल. आणि तरीही लढाईत जखमी होऊन परतलेल्या शिपायाची गोड प्रेमकथा मराठीत शोधायला गेलं, तर हाताला फारसं काही लागत नाही. शहीद सापडतो, त्याची विधवा सापडते, शौर्यपदकाचा धडा सापडतो. लंगडत घरी आलेला, आपलं दुखणं लपवणारा, कुणाच्या तरी प्रेमात पडणारा आणि शेवटी सुखानं नांदणारा शिपाई मात्र सापडत नाही. असं का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा आढावा.

इंग्रजीत या कथेला हक्काचं घर आहे. ‘रीजन्सी’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांचा काळ १८११ ते १८२० हा. राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला आणि त्याचा थोरला मुलगा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागला, ती ही नऊ वर्षं. नेपोलियनशी चाललेली लढाई, लंडनमधले नाच, मुलींची लग्नं जमवण्याची घाई, इस्टेटी आणि कर्जं हे सगळं त्या नऊ वर्षांत एकत्र आलं. २०२० साली आलेली ‘ब्रिजर्टन’ ही मालिकाही १८१३ सालापासून सुरू होते, आणि ती बेळगावच्या कॉलेजातल्या मुलींनीही मोबाइलवर पाहिली आहे. या प्रकारातल्या ‘गोड’ म्हणवल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचे संकेत ठरलेले: शरीरसंबंधाचं वर्णन नाही, फार तर एखादं चुंबन, शेवट सुखाचा, आणि मध्ये कुठलं तरी खोटं. कुणी खोटं नाव सांगतं, कुणी खोटा वाङ्निश्चय जाहीर करतं, कुणी दुसऱ्याच्या नावानं पत्रं लिहितं. आणि नायक पुष्कळदा स्पेनमधून किंवा वॉटर्लूहून जखमी होऊन आलेला अधिकारी.

हा नायक लेखिकांनी हवेतून काढलेला नाही. १८ जून १८१५ ला वॉटर्लूच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलिंग्टनचा सचिव फिट्झरॉय सॉमरसेट याचा उजवा हात कापावा लागला. कापलेला हात बाजूला नेऊ लागले तेव्हा त्यानं तो परत मागवला, कारण बायकोनं दिलेली अंगठी त्या हाताच्या बोटात होती, अशी आठवण सांगतात. लग्नाला तेव्हा एकच वर्ष झालं होतं. त्याच्या तीन वर्षं आधी, १८१२ मध्ये, स्पेनमधलं बादाहोस शहर इंग्रजांनी घेतलं आणि तिथल्या लुटालुटीत हुआना नावाची चौदा वर्षांची मुलगी आसरा मागत इंग्रजांच्या छावणीत आली. हॅरी स्मिथ या अधिकाऱ्यानं तिच्याशी लग्न केलं. पुढं हाच हॅरी स्मिथ हिंदुस्थानात आला, १८४६ मध्ये पंजाबात अलिवालची लढाई त्यानं जिंकली. आणि दक्षिण आफ्रिकेतलं लेडीस्मिथ हे गाव त्या मुलीच्या नावानं वसलं. जॉर्जेट हेयर या लेखिकेनं १९४० मध्ये या जोडप्यावर ‘द स्पॅनिश ब्राइड’ ही कादंबरी लिहिली.

या प्रकाराची खरी घडण हेयरचीच. ‘ॲन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या कादंबरीत नायक वॉटर्लूवर एक हात गमावतो. ‘फॉल्स कलर्स’ (१९६३) मध्ये जुळ्या भावांपैकी एक जण दुसऱ्याचं सोंग घेतो. पण मला तिची सगळ्यांत मोलाची वाटते ती ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ (१९६१). ॲडम डेव्हरिल हा कॅप्टन स्पेनच्या लढाईतून लंगडत घरी येतो, कारण वडील वारले आहेत आणि मागे नुसतं कर्ज ठेवून गेले आहेत. जिच्यावर त्याचं प्रेम आहे ती जुलिया त्याला सोडावी लागते आणि एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी, तो पैशासाठी लग्न करतो. जेनी दिसायला साधी, बोलायला थोडी. तिचं त्याच्यावर आधीपासूनच प्रेम आहे, पण ते ती त्याला कळू देत नाही. आपण व्यवहार म्हणूनच हे लग्न केलं असं ती भासवते, त्याच्या आवडीचं जेवण, त्याची खोली, त्याचं दुखणं गुपचूप सांभाळते. या पुस्तकात फसवणूक कुठली म्हणाल तर एवढीच. नवऱ्यानं आपल्या प्रेमाचं ओझं मानू नये म्हणून बायकोनं ते लपवणं. मराठी घरात हे किती जणींनी केलं असेल ते वेगळं सांगायला नको.

हेयरच्याही आधी जेन ऑस्टिन. ती त्याच काळात जगली आणि त्याच काळावर लिहीत होती. १८१७ च्या अखेरीस, तिच्या मृत्यूनंतर आलेल्या ‘पर्स्युएजन’ मध्ये कॅप्टन हार्व्हिल हे पात्र आहे. नायक तो नव्हे, नायकाचा मित्र. जखमेनं पाय अधू झालेला हा नौदलाचा माणूस समुद्रकाठच्या लहानशा घरात राहतो. हातात रंधा आणि गोंद. भिंतीत फळ्या बसवतो, खिडक्यांच्या फटी बुजवतो, मुलांसाठी खेळणी करतो. बसून राहायचं नाही एवढं त्यानं ठरवलेलं आहे. पुढं कादंबरीच्या ऐन मोक्याच्या जागी नायिका ॲन याच हार्व्हिलशी बोलते. प्रेम अधिक काळ कोण टिकवतं, पुरुष की बाई, यावर दोघं शांतपणे वाद घालतात. शेजारी बसून पत्र लिहिणारा नायक ते ऐकतो आणि त्याला धीर येतो. दोन प्रेमी माणसांचं जुळतं ते एका अधू शिपायाशी झालेल्या बोलण्यामुळे. जखमी सैनिकाला इतक्या आदरानं आणि इतक्या घरगुती रूपात उभं करणारी जागा माझ्या वाचनात दुसरी नाही.

आता तीच वर्षं आपल्याकडची. वेलिंग्टन हा वेलिंग्टन होण्याआधी आर्थर वेलस्ली या नावानं इथं लढत होता. २३ सप्टेंबर १८०३ ला आत्ताच्या जालना जिल्ह्यात असईला त्यानं शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी झुंज दिली. कंपनीच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. मराठ्यांच्या बाजूचे किती, याचा तर नीट हिशेबही कुणी ठेवला नाही. इंग्लंडात रीजन्सी ऐन भरात होती तेव्हा, १८१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये, जनरल मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला आणि तीनेक आठवड्यांत, १० एप्रिलला, किल्ला पडला. ऑस्टिनच्या नायिका नाचाच्या दिवाणखान्यात उभ्या आहेत आणि त्याच सुमाराला बेळगावच्या तटावर तोफांचे गोळे आदळत आहेत. किल्ल्यातून बाहेर पडलेल्या शिबंदीतल्या जखमी माणसाचं पुढं काय झालं? तो नेसरीला, कोवाडला, खानापूरला आपल्या घरी कसा पोचला, त्याला बायकोनं ओळखलं का, त्याचं लग्न ठरलेलं असलं तर ते मोडलं का? यातलं काही कादंबरीत आलेलं मला आढळलं नाही. जिंकणाऱ्याच्या जखमी माणसाला कादंबरी मिळाली, हरलेल्याच्या वाट्याला बखरीतली एखादी ओळही आली नाही.

इंग्लंडच्या त्या राजप्रतिनिधीचा आणि आपल्या जखमी शिपायांचा मात्र एकदा फार जवळचा संबंध आला. त्यानं ब्राइटनला समुद्राजवळ राजवाडा बांधवला. जॉन नॅश या वास्तुविशारदानं १८१५ पासून त्याला हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढवले. जवळजवळ शंभर वर्षांनी, डिसेंबर १९१४ पासून जानेवारी १९१६ पर्यंत, याच राजवाड्यात हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. नाचाच्या आणि मेजवानीच्या दालनांत खाटा लागल्या. धर्म-जातीप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं झाली, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. फ्रान्सच्या आघाडीवर तेव्हा बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या होत्या. ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यव्ह शापेलला त्यांची फार मोठी हानी झाली. ज्या घुमटांखाली आजच्या रीजन्सी कादंबऱ्यांतले नाच रंगतात, त्या घुमटांखाली हिंदी शिपाई पाय गमावून पडलेले होते.

प्रेमाला तिथं बंदी होती, हेही सांगायला हवं. गोऱ्या बायकांशी या शिपायांचा संबंध येऊ नये म्हणून इस्पितळांभोवती पहारे आणि तारेची कुंपणं आली. गोऱ्या परिचारिकांना हिंदी सैनिकांच्या सेवेतून दूर केलं गेलं. तिथल्याच किचनर इस्पितळातल्या गोडबोले नावाच्या मराठी सब-असिस्टंट सर्जननं या कोंडीला चिडून प्रमुख अधिकाऱ्यावर गोळी झाडायचा प्रयत्न केला आणि तुरुंगवास भोगला. शिपायांची पत्रं सेन्सॉरकडून जात. म्हणून काहींनी सांकेतिक भाषा काढली: काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरी म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं घरी लिहायचं. सेन्सॉरला फसवायचं आणि घरच्यांना खरं कळवायचं, अशी ही उलटी फसवणूक. इंग्रजी कादंबरीकाराला यातलं एखादं पत्र सापडलं असतं तर त्यावर तीनशे पानं उभी राहिली असती.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा खरा भोग मात्र मेसोपोटेमियात होता. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि वाचलेले लोक तुर्कांच्या कैदेत गेले. महिनोन् महिने घरी खबर नाही. कोण मेलं, कोण जखमी, कोण जिवंत, काही नाही. ज्यांची खबर नाही अशांच्या बायकांनी कुंकू ठेवायचं की पुसायचं, हा प्रश्न तेव्हा कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत शेकडो घरांत उठला असणार.

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नव्हता. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं प्रेत ओळखलं गेलं की नाही यावर वाद राहिला, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य कधी स्वीकारलंच नाही. १७८३ मध्ये वारेपर्यंत त्या सौभाग्यवतीच राहिल्या. मध्यंतरी सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला; १७७६ मध्ये त्याच्यामागं कोकणात मोठी फौज जमली; शेवटी पकडून पुण्यात त्याला देहांत शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. फ्रान्समध्ये याच जातीचं प्रकरण दोनशे वर्षं आधी घडलं होतं. मार्तँ गेर हा शेतकरी घर सोडून गेला, दुसराच एक जण तो म्हणून परत आला आणि त्याच्या बायकोशी तीन-चार वर्षं संसार करून बसला. १५६० मध्ये खटला ऐन निकालाला आला असताना खरा मार्तँ कोर्टात दाखल झाला. लढाईत एक पाय गेलेला, लाकडी पायावर चालत. त्या बायकोच्या मनावर पुस्तकं लिहिली गेली, फ्रेंचांनी सिनेमा केला. आपण तोतयाचं राजकारण लिहिलं, बंड लिहिलं. पार्वतीबाईंच्या मनात त्या बावीस वर्षांत काय चाललं असेल, हा प्रेमकथेचा गाभा आपण इतिहासाच्या तळटिपेत ठेवला.

मग मराठीला गोड फसवणुकीची कथा जमतच नाही का? मुळीच तसं नाही, आणि गंमत अशी की ती ज्यानं सर्वांत सुंदर लिहिली तो माणूस बेळगाव जिल्ह्याचाच. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी नोकरीही केली. १८८२ मध्ये रंगभूमीवर आलेलं ‘संगीत सौभद्र’ घेऊन बघा. अर्जुन हा लढवय्या. सुभद्रेचं त्याच्यावर प्रेम. बलरामानं तिला दुर्योधनाला देण्याचं ठरवलेलं. कृष्णाच्या कारस्थानानं अर्जुन संन्याशाचा वेष घेतो आणि सुभद्रा त्या संन्याशाची सेवा करायला येते. समोर कोण आहे हे तिला ठाऊक नाही. रीजन्सी कादंबरीत जे जे लागतं ते सगळं इथं आहे: सोंग, अडथळा आणणारा मोठा भाऊ, समजूतदार वहिनी, चुकीच्या स्थळाची टांगती तलवार आणि शेवटी मंगलाष्टकं. भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रेची भूमिका केली आणि महाराष्ट्र वेडा झाला. फसवणूक इथं गोड होते, कारण ती प्रियकर स्वतः करतो आणि प्रियेला मिळवण्यासाठी करतो.

याच बेळगावात शिकलेले आणि किर्लोस्करांच्या हाताखाली तयार झालेले गोविंद बल्लाळ देवल. त्यांच्या १८९९ च्या ‘शारदा’ मध्येही फसवणूक आहे, पण ती कडू आहे. म्हाताऱ्या भुजंगनाथाला तरुण मुलगी मिळावी म्हणून दलाल भद्रेश्वर दीक्षित आणि पैशाला भुललेला बाप हे सगळं जमवतात. शारदेला कुणी विचारत नाही. जखमी शिपायाची गोड प्रेमकथा आपल्याकडे का नाही, याचं उत्तर या दोन नाटकांमध्ये दडलेलं आहे, असं माझं मत आहे. पुराणातल्या अर्जुनाला ते चाललं, पण आपल्या समाजात लग्नाच्या बाबतीत खोटं बोलायचा अधिकार प्रेमिकांना कधी नव्हताच. तो वडीलधाऱ्यांचा, मध्यस्थांचा होता. आणि जो खोटं बोलला त्यानंच ते कबूल करायचं, माफी मागायची, ही रीजन्सी कथेतली सर्वांत हृद्य जागा आपल्याकडे येऊच शकत नव्हती. खोटं बोलणारा एक, भोगणारा दुसरा.

कादंबरीकडे वळलं तर तिथंही बेळगावचा हात मोठा आहे. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले. पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’ (१८७१) लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर जांबोटीचे. पहिलीत विधवांचं दुःख आहे, दुसरीत शिवकाल. पुढं कोल्हापुरात ना. सी. फडक्यांनी प्रेमकथेला मराठीत राजमार्ग करून दिला. त्यांचे नायक मोटार चालवतात, टेनिस खेळतात, कॉलेजात व्याख्यानं देतात. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे राजकारण आणि प्रेम यांची गाठ घालणारे कादंबरीकार. संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्याच मांडवातून जोरानं पुढं आली. इथून जवळच असलेल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी १९६२ मध्ये ‘स्वामी’ लिहून माधवराव-रमाबाईंचं प्रेम घराघरात नेलं. तिथं नायक आजारी आहे, पण तो पेशवा आहे. निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजवाले यांना कथेत आणलं. कोल्हापूरच्या बाबा कदमांच्या कादंबऱ्या तर एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांतही मिळत. या सगळ्यांत साधा जवान, जखमी होऊन घरी आलेला, कथेच्या मध्यभागी जवळजवळ नाहीच.

हिंदी सिनेमानं ते केलं, आणि फार चांगलं केलं. १९६१ च्या ‘हम दोनो’ मध्ये दुसऱ्या महायुद्धातले दोन अधिकारी दिसायला सारखे. मेजर वर्मा मेला असं समजून कॅप्टन आनंद ही बातमी सांगायला त्याच्या घरी जातो. तिथं आजारी बायको त्यालाच नवरा समजते. तिच्या प्रकृतीसाठी त्याला गप्प राहावं लागतं. आणि मग खरा मेजर परततो, कुबडीवर, पाय गमावून आणि मनात संशय घेऊन. देव आनंदनं दोन्ही भूमिका केल्या. या चित्रपटात जखमी माणसाचा मत्सर खरा वाटतो, कारण त्याला आपल्या शरीराची लाज वाटते आहे हे आपल्याला दिसतं. आपल्याला कुणी दयेपोटी तर जवळ करत नाही ना, ही ती भीती. जगभरच्या जखमी नायकाच्या कथा या एका भीतीवर उभ्या असतात.

आणि ही भीती कादंबरीपुरती नाही. जखमी सैनिकांसाठीच्या संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. अपंग सैनिकांना हातात हुन्नर देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ची, पुढं ती खडकीला आली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी खडकीचं पुनर्वसन केंद्र १९७४ चं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. एक मणक्यात राहिली. १९७२ मध्ये हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक घेतलं, जागतिक विक्रमासह. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं आणि चित्रपट यायला २०२४, तोही हिंदीत. मराठा रेजिमेंटचे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव: ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून वाहून नेलं, मग परत फिरून, हाताला जखम झाली तरी, हातबॉम्बनं शत्रूची ठाणी उडवली. ते १९८४ पर्यंत जगले. त्या एका दिवसावर पुष्कळ लिहिलं गेलं, पुढच्या एकोणचाळीस वर्षांना मात्र कथेत जागा मिळाली नाही.

सीमाभागातल्या लग्नाच्या बोलणीत काय चालतं तेही पाहू. जवानाची मेडिकल कॅटेगरी उतरली की त्याला आधी स्वतःला ते कळतं, मग युनिटला, आणि घरी सर्वांत शेवटी. ‘शेप वन’ म्हणजे ठणठणीत. त्याखाली गेलं की बढती, पोस्टिंग, पुढची नोकरी सगळ्यावर सावट. मुलाचं स्थळ बघताना घरचे म्हणतात, आत्ता कशाला सांगायचं, पाय तर बरा दिसतोय, बूट घातला की कळतही नाही. पोहे होतात, सुपारी फुटते, रजा संपायच्या आत लग्न उरकतं, पलटणीच्या दप्तरात, ‘पार्ट टू ऑर्डर’ला, नोंद होते. नवऱ्याच्या मांडीत लोखंडी सळी आहे हे बायकोला कळतं पहिल्या थंडीत, तो रात्री उठून बसतो तेव्हा. ही फसवणूक सासरच्यांनी केलेली असते. पण ती उघड करण्याचं काम त्या बिचाऱ्या नवऱ्याच्या वाट्याला येतं. काही संसार तिथंच मोडतात. पुष्कळ मात्र मोडत नाहीत, आणि न मोडण्याचं कारण दरवेळी ‘लोक काय म्हणतील’ एवढंच नसतं. त्या रात्री नवरा प्रथमच खरं बोलतो, कारगिलची, सियाचेनची, मणिपूरची हकीगत सांगतो आणि त्या बाईला कळतं की आपल्याला फसवलं ते या माणसानं नाही.

हे कायद्यालाही ठाऊक आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करता येतं. १९७६ च्या दुरुस्तीनं जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवणं हेही त्यात आलं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करायला हवा, आणि खरं कळल्यानंतरही स्वखुशीनं एकत्र राहिलं असेल तर तो अर्ज टिकत नाही. सगळ्या गोड प्रेमकथांचा शेवटचा अध्याय कायद्याच्या या एका पोटकलमात आहे. सत्य कळलं, दार उघडं होतं, आणि तरी ती थांबली. इंग्रजी कादंबरीत नायिका हेच करते आणि लाखो वाचक डोळे पुसतात.

लपवण्याचं समर्थन मी करत नाही. मुलीच्या जन्माचा प्रश्न असताना दुखापत झाकून लग्न लावणं हा अन्याय आहे, मग मुलगा देशासाठी लढलेला असो वा नसो. चांगल्या कथाही हे समर्थन करत नाहीत. खोट्याची किंमत नायकाला मोजायला लावतात, तिच्यासमोर उभं राहून सांगायला लावतात आणि नकार देण्याचा पूर्ण हक्क तिच्या हातात ठेवतात. आपल्या कथाकारांनी खोटं मध्यस्थाच्या आणि बापाच्या हातातून काढून त्या दोघांच्या हातात द्यायला हवं. मग ते खोटं बोलतील, पस्तावतील, कबूल करतील. जखमी शिपायाला पुतळा करून ठेवलं की यातलं काहीच घडत नाही. पुतळा लाजत नाही, रुसत नाही, कुणाला पत्र लिहीत नाही.

बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत पलटणीतला भाऊ आहे, नवरा आहे, मनीऑर्डर आणि टपालाची वाट आहे. अण्णा भाऊ साठ्यांनी तर ‘माझी मैना’ या छक्कडीत नवरा-बायकोच्या ताटातुटीतून बेळगाव-कारवारचं दुःख सांगितलं. म्हणजे प्रेमाची भाषा या भागाला परकी नाही. सीमाप्रश्नाच्या लढ्यानं इथल्या लेखणीला साठ-सत्तर वर्षं एका मोठ्या कामाला जुंपलं, ते रास्तच होतं. पण त्यात घरातल्या लहान गोष्टी लिहायच्या राहून गेल्या.

उचगाव, कडोली, कुद्रेमानी, येळ्ळूर या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, कथाकथनाला भर दुपारी मांडव भरतो. १८४८ पासून चालत आलेलं बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आहे. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत जखमी झालेली माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत आणि त्यांच्या बायकाही. हिंडलग्यापासून निपाणीपर्यंतच्या लेखकांना माझी विनंती आहे की त्या आजींकडं जाऊन बसा. लढाईचं आजोबांना खूप जणांनी विचारलं आहे. तुम्ही आजींना विचारा की लग्नाआधी तुम्हाला काय सांगितलं होतं, खरं कधी कळलं, आणि कळल्यावर तुम्ही का राहिलात. नावं बदला, गावं बदला, पण लिहा. आणि येत्या हंगामातल्या संमेलनात त्यातली एक तरी कथा मांडवात वाचली जाऊ द्या.